खोरं घ्यावं पारखून, माती उकरावी जपून
खोदायच्या अवजाराचा इतिहास, त्याची निवड आणि जमिनीत सापडणाऱ्या जुन्या वस्तूंविषयी चार गोष्टी



आपल्या कार्यक्रमात बियाणं, खतं, कीड, पाणी यांवर नेहमी बोलणं होतं. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. तुमच्या ओसरीच्या कोपऱ्यात एक अवजार उभं असेल. कुणी त्याला खोरं म्हणतं, कुणी फावडं. त्याच्या शेजारी टिकाव असेल, कुदळ असेल, पहार असेल. बैलजोडी नाही, ट्रॅक्टर नाही, असं घर गावात सापडेल. खोरं नाही असं घर सापडायचं नाही. पण बाजारात गेल्यावर आपण बियाण्याची पिशवी उलटसुलट करून बघतो, आणि खोरं मात्र रंग बघून उचलतो. मग ऐन कामात पातं वाकतं, नाहीतर दांडा मोडतो, आणि रोज बुडतो.

म्हणून हे पत्रक. आधी या अवजाराची जुनी हकीकत सांगतो, कारण चांगलं खोरं कोणतं हे त्या हकीकतीतूनच कळतं. मग निवड कशी करायची ते सांगतो. आणि शेवटी, खोदताना खण्‌ असा आवाज आला, जमिनीतून गाडगं, नाणं, मूर्ती वर आली, तर काय करायचं आणि काय करायचं नाही, तेही सांगतो. शेवटचा भाग नीट वाचा. त्यात चुकलं तर पैसा जातो, अब्रू जाते आणि प्रसंगी तुरुंगाची वाट धरावी लागते.

लोखंडाच्या आधीची खोदाई

माणूस शेती करू लागला तेव्हा लोखंड नव्हतं. टोकदार काठीनं माती उकरायची, हीच पहिली कुदळ. जुन्या वस्तीच्या उत्खननांत मधोमध भोक पाडलेले गोल दगड मिळतात. काठीला वजन यावं, ती मातीत खोल जावी, म्हणून ते दगड काठीत अडकवत असावेत, असं अभ्यासक मानतात.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढं अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथं उजेडात आलं. त्या लोकांकडं तांबं होतं, पण थोडकं, आणि लोखंड माहीत नव्हतं. तरीही त्यांनी पुराचं पाणी वळवायला पाट खोदला होता आणि बांध घातला होता. म्हणजे बघा, आपण ज्याला बांधबंदिस्ती म्हणतो ती काही सरकारी योजनेतून आलेली नाही. ती या मातीत तीन हजार वर्षांची आहे.

पुढं लोखंड आलं. नागपूर जिल्ह्यात नायकुंड या गावी १९७८ ते १९८० च्या सुमारास झालेल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ती सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची. विदर्भातल्या त्या काळच्या दगडी वर्तुळांच्या थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी आणि कुदळीसारखी अवजारं मिळालेली आहेत. माणूस मेल्यावर त्याच्याबरोबर अवजार पुरत होते. त्या लोकांना अवजाराची किंमत किती होती, ते यावरून समजावं.

‘कुदळ’ हा आपला शब्दही जुनाच. संस्कृतात आणि पालीत ‘कुद्दाल’ असा शब्द आहे. बौद्धांच्या जातककथांत कुद्दाल पंडिताची एक गोष्ट आहे. काशीचा एक माळी. त्याच्याजवळ एका बोथट कुदळीशिवाय काही नव्हतं. तीवर तो भाजीपाला, भोपळे, काकड्या पिकवून पोट भरायचा. एके दिवशी त्यानं घर सोडलं, बैरागी झाला. पण लपवून ठेवलेल्या कुदळीची आठवण येई आणि तो परत शेतात येई. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी त्यानं डोळे मिटून कुदळ नदीत भिरकावली. कुठं पडली ते दिसू नये, म्हणून डोळे मिटले. आणि मग ‘जिंकलो, जिंकलो’ म्हणून ओरडला. गोष्ट वैराग्याची आहे, पण सांगणाऱ्याला शेतकऱ्याचं मन बरोबर ठाऊक होतं. घरदार सुटेल, हातात बसलेली कुदळ सुटत नाही.

बीडचा खजिना

आता आपल्या जिल्ह्यात या. बीड शहराजवळची खजाना विहीर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं १५८२ च्या सुमारास ती बांधवली. काम राजा भास्कर नावाच्या जाणकारानं केलं, असं सांगतात. हिची खुबी अशी, की जमिनीखालून बोगद्यांनी पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या बोगद्यानं उताराउतारानं शेतात जातं. मोट नको, बैल नको. शेकडो एकर रान या पाण्यावर भिजत आलं.

नावाची हकीकत लोक अशी सांगतात, की जहागीरदारानं खजिन्याचा पैसा या कामात घातला, म्हणून ही खजाना विहीर. ते असो. विचार करा, चारशे वर्षांपूर्वी सुरुंगाची आणि यंत्राची सोय नसताना एवढी खोदाई कुणी केली? शिलालेखात धन्याचं नाव राहतं. पहार मारणाऱ्याचं, माती ओढणाऱ्याचं, पाटी वाहणाऱ्या बाईचं नाव राहत नाही. त्यांची खूण म्हणजे ते बोगदे आणि त्यातून अजून वाहणारं पाणी.

लोहाराचा भाता ते कारखान्याचं पातं

पूर्वी खोरं विकत घ्यायची चीज नव्हती. गावचा लोहार बलुतेदार. सुगीला त्याला धान्य द्यायचं आणि वर्षभर त्यानं फाळ शेवटायचा, खुरपी, विळे, कुदळी करून द्यायच्या. शेतकरी भात्यापाशी बसायचा, घण मारू लागायचा. आपलं अवजार कसं घडतं, ते तो डोळ्यांनी बघायचा. पातं लाल करून ठोकणं आणि शेवटी धारेला पाणी देणं, यात लोहाराचं सारं कसब. पाणी कमी बसलं तर धार दुमडते. जास्त बसलं तर धार काचेसारखी तडकते. काळ्या रानाचं अवजार वेगळं आणि मुरमाचं वेगळं, हे त्याला सांगावं लागत नसे. रान त्याच्याच गावचं होतं.

मग कारखान्याचा माल आला. आपल्याकडं १९२० नंतरच्या वर्षांत जमशेदपूरला टाटांच्या पोलादापासून फावडी, टिकाव, कुदळी बनू लागल्या. त्याआधी असा पुष्कळ माल विलायतेहून यायचा. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेनं या अवजारांचीही मानकं ठरवली. फावड्यांसाठी १७५९ क्रमांकाचं मानक आहे, शॉवेलसाठी २७४, टिकावासाठी २७३. लोखंड कोणत्या जातीचं, धार किती कठीण, नेढं कसं, वजन किती, हे त्यात ठरवून दिलेलं असतं.

कारखान्यानं माल सारखा आणि स्वस्त केला, हे खरं. पण एक गोष्ट हरवली. लोहार चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाता येत होतं. बाजारातल्या फावड्याचा घडवणारा कोण, ते ठाऊक नसतं. म्हणून जी पारख पूर्वी लोहाराकडं होती, ती आता आपल्याकडं यायला हवी.

बहात्तरचा दुष्काळ

खोऱ्याचा इतिहास सांगताना बहात्तरच्या दुष्काळाचं नाव न घेऊन कसं चालेल? १९७० पासून पाऊस ओढ देत होता आणि १९७२ ला तर त्यानं पाठच फिरवली. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. घरातले जाणते लोक अजून सांगतात, मिलोची लाल ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याचं काम. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, बांधबंदिस्ती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. जमीनदार आणि मजूर, पाटील आणि बलुतेदार एका रांगेत टिकाव मारत होते.

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूरला वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिच्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. हात पसरणाऱ्याला भीक नको, काम मागणाऱ्याला काम द्या, ही ती कल्पना. १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढं २००५ साली केंद्रानंही अशा हमीचा कायदा केला, त्याच्यामागं महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

त्या कामांवर मजुरी मोजमापानं मिळायची. किती ब्रास माती निघाली, त्यावर हिशेब. तिथं माणसांना पहिल्यांदा कळलं, की अवजारावर पोट कसं अवलंबून असतं. चांगला टिकाव असलेली टोळी दुपारपर्यंत खड्डा पुरा करायची. बोथट टिकाववाली टोळी संध्याकाळपर्यंत मुरूम खरवडत बसायची. घाम दोघांचा सारखा आणि रोज मात्र वेगळा.

निवड करताना काय बघावं

आता कामाचं बोलू. खालच्या गोष्टी ध्यानात ठेवा आणि बाजारात घाई करू नका.

पहिली गोष्ट, कोणत्या रानासाठी? गोदाकाठी गेवराई, माजलगावच्या भारी काळ्या मातीत रुंद, पातळ पात्याचं खोरं चालतं. माती चिकटते, म्हणून पातं गुळगुळीत हवं. आष्टी, पाटोद्याकडं आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मुरूम, दगडगोटे. तिथं पातं अरुंद आणि जाड हवं, आणि आधी टिकाव, मग खोरं. मुरमात खोऱ्यानं घाव घालणं म्हणजे खोऱ्याचा जीव घेणं.

दुसरी गोष्ट, आवाज. पातं नेढ्यातून बोटावर टांगा आणि खड्यानं हलकेच टिचका मारा. घंटेसारखा खणखणीत आवाज निघाला तर धातू एकजीव आहे. भद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे किंवा जोड कच्चा आहे. आपण बाजारात माठ वाजवून घेतो, तसंच हे.

तिसरी गोष्ट, घडण. पातं आणि नेढं एकाच तुकड्यातून ठोकलेलं असेल तर उत्तम. जोड दिलेला असेल तर जोडाची रेघ सगळीकडून भरलेली आहे का, ते नखानं चाचपून बघा. पातं नेढ्यापाशी जाड आणि धारेकडं पातळ होत गेलेलं असावं. सगळीकडं सारखं जाड असेल तर तो नुसता कापलेला पत्रा समजावा. रंगाखाली दोष झाकतात, म्हणून जाड रंगाच्या मालाची जास्त तपासणी करा.

चौथी गोष्ट, धार. दुकानदाराची परवानगी घेऊन धारेवर कानस एकदा ओढा. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर लोखंड मऊ आहे, धार दुमडेल. कानस नुसती घसरली तर धार फार कठीण आहे, दगडावर तडकेल. कानस जोर लावल्यावर थोडी धरते, ती धार बरोबर.

पाचवी गोष्ट, नेढं आणि दांडा. नेढं अगदी गोल असेल तर दांडा हातात फिरतो. थोडं लांबट किंवा चपटं असेल तर फिरत नाही. दांडा बाभळीचा, धावड्याचा किंवा तिवसाचा चांगला. लाकूड सावलीत वाळलेलं असावं, त्यात गाठ नसावी, आणि रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. रेषा मधेच बाहेर पडत असतील तर दांडा तिथंच मोडणार. टिकावाचा दांडा वरून घालतात. त्याचं जाड टोक नेढ्यात आवळलं जातं आणि प्रत्येक घावाबरोबर घट्ट बसतं. खोऱ्याला पाचर मारावी लागते. पाचर सुक्या लाकडाची असावी.

सहावी गोष्ट, वजन. जड अवजार म्हणजे मजबूत, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. मिनिटाला दहा वेळा खोरं उचललं, तर पाच तासांत तीन हजार वेळा झालं. खोऱ्याचं वजन गरजेपेक्षा अर्धा किलो जास्त असेल तर दिवसाकाठी १५ क्विंटल वजन तुम्ही फुकट उचललं. आमच्या भगिनींनी तर हे मुद्दाम ध्यानात घ्यावं. घरात पुरुषाच्या मापाचं एकच खोरं असतं आणि दारं मोडायला, वाफे बांधायला तेच बाईच्या हाती जातं. हलक्या पात्याचं दुसरं खोरं घेतलं तर तो खर्च नव्हे, काटकसर आहे.

आणि जपणुकीच्या तीन गोष्टी. काम झालं की माती धुवा, पातं पुसा, तेलाचं बोट फिरवा. खोऱ्यानं दगड उचकटू नका, त्यासाठी पहार आहे. आणि दांडा मोडून तुकडा नेढ्यात अडकला तर पातं चुलीत घालून तो जाळू नका. पातं लाल झालं की लोहारानं किंवा कारखान्यानं दिलेलं पाणी उतरतं, मग धार कधी टिकत नाही. तुकडा छिन्नीनं फोडून काढा. कितीतरी चांगली खोरी अशी चुलीतच वाया जातात.

खण्‌ असा आवाज आला तर

आपला मुलूख जुना. वर पैठण ही सातवाहनांची राजधानी, खाली धाराशिव जिल्ह्यात तेर. त्यांच्यामधून व्यापाराच्या वाटा जात. पुढं यादव, बहामनी, निजामशाही, मोगल आणि निजाम. पेढ्या नव्हत्या तेव्हा माणूस पैसा गाडग्यात घालून पुरायचा. लढाई आली, दुष्काळ आला, माणूस परागंदा झाला, गाडगं तिथंच राहिलं. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. त्याआधीच्या रझाकारी धामधुमीतही लोकांनी हाली रुपये आणि डागदागिने पुरून गाव सोडल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात. तेव्हा विहीर, शेततळं, पाया खणताना काही सापडलं तर नवल नाही.

अशा सापडलेल्या वस्तूंचा उपयोग काय, ते तीन उदाहरणांनी सांगतो.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. ती होती क्षत्रप राजा नहपान याची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. म्हणजे आपल्या सातवाहन राजानं नहपानाला हरवलं आणि त्याचाच पैसा आपल्या शिक्क्यानं चालवला, याचा ढळढळीत पुरावा मिळाला. ही नाणी सोनारानं आटवली असती तर काही शेर चांदी झाली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचं एक पान कायमचं गेलं असतं.

दुसरं उदाहरण, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं दायमाबाद. १९७४ साली तिथं एका गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ. सगळ्या धातूच्या आणि भरीव, मिळून ६० किलोहून अधिक वजनाच्या. आज जगभरचे अभ्यासक त्यांची नावं घेतात. पण त्या शास्त्रीय उत्खननात मिळालेल्या नव्हत्या. मातीच्या थरांची नोंद घेत घेत त्या वर आल्या नाहीत, म्हणून त्यांचा काळ नेमका कोणता, यावर अजून मतभेद आहेत. ध्यानात घ्या, वस्तू मोलाची खरी, पण ती कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती, हेही तेवढंच मोलाचं. वस्तू उपटली की ती माहिती गेली. ती पुन्हा मिळत नाही.

तिसरं उदाहरण आपल्या शेजारचं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीत सापडणारे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर्षानुवर्षं जपून गोळा केल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तेरला आहे. गावची वस्तू गावात राहिली आणि गावाचं नाव झालं.

धातू शोधणारं यंत्र

अलीकडं धातुशोधक यंत्राची चर्चा खेड्यापाड्यांत ऐकू येते. ‘जमिनीतलं सोनं दाखवणारं यंत्र’ म्हणून काही लोक भाड्यानं ते आणतात. या यंत्राचाही इतिहास ऐका.

१८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठं आहे ते शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं विजेचं एक यंत्र केलं. पण गोळी काही सापडली नाही. खाटेत धातूच्या तारा होत्या, त्यांनी यंत्राला फसवलं, असं सांगतात. पुढं दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं जमिनीतले सुरुंग शोधायचं हातातलं यंत्र बनवलं. १९४२ साली एल अलामीनच्या लढाईत ते वापरलं गेलं. लढाई संपल्यावर तसली यंत्रं लोकांच्या हाती आली.

यंत्र धातू ओळखतं, खजिना ओळखत नाही. बेलच्या यंत्राला खाट कळली नाही, तशी आजच्या यंत्रालाही बैलाची पत्री, फाळाचा तुकडा, खिळा आणि बाटलीचं झाकण यांनी फसायला वेळ लागत नाही. त्यातून आपला काळा दगड लोहाच्या कणांनी भरलेला. त्या कणांमुळंही यंत्र उगाच वाजत राहतं.

पण याच यंत्राची एक चांगली गोष्टही आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याच्या मित्रानं, जो निवृत्त माळी होता, यंत्र घेऊन तो शोधायला सुरुवात केली. यंत्र वाजलं आणि निघाली रोमन काळातली नाणी आणि चांदीचे चमचे. त्या माणसानं काय केलं? थोडं दिसल्यावर खोदणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी जाणकारांनी येऊन साठा जसा होता तसा, नोंद करत काढला. जवळजवळ १५,००० नाणी. त्याला कायद्यानं साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं. हरवलेला हातोडाही सापडला, आणि तोही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडं आहे. खोदणारा वेळेवर थांबला, म्हणून पैसाही मिळाला आणि मानही.

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडंही कायदा आहे आणि तो जुना आहे. १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत पुरलेली, काही किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठं आणि कोणत्या तारखेला. आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा हवाला द्यायचा.

पुष्कळांना वाटतं, कळवलं की सगळं सरकार घेणार. कायदा तसं म्हणत नाही. चौकशीत वस्तूचा जुना मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. जमीन दुसऱ्याची असेल आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. पण लपवलं, तर हिस्सा जप्त होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकानं लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

शिवाय किल्ले, लेणी, जुनी मंदिरं अशा संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू परवान्याशिवाय विकता येत नाहीत आणि देशाबाहेर तर नेताच येत नाहीत. आणि गुप्तधनाच्या नावाखाली अमावास्येला पूजा मांडणारे, बळी मागणारे भोंदू? त्यांच्यासाठी २०१३ साली महाराष्ट्रानं जादूटोणा प्रतिबंध कायदा केला आहे. या नादात लोकांनी बैल विकले, शेतं गहाण टाकली, आणि काही ठिकाणी निष्पाप माणसांचे जीव गेले. असं कुणी गावात आलं तर दार उघडू नका, पोलिसांना कळवा.

सापडलं तर एवढं करा

घाव थांबवा. टिकाव, खोरं बाजूला ठेवा. वस्तू उपटू नका, घासू नका, चिंचेनं धुऊ नका. वर आलेलं असेल तर तिथंच कापडानं झाका. जागेची खूण करा, किती खोल होतं ते दांड्यानं मोजून लिहून ठेवा. दोन साक्षीदार बोलवा. तलाठी आणि पोलीस पाटलांना सांगा, त्यांच्यामार्फत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. पोच हाती असली की तुमचा हक्क शाबूत राहतो. वाटणीवरून भावाभावांत भांडण लागण्याआधी हे उरकून टाका.

शेवटी

मंडळी, आपल्या जिल्ह्यानं जमीन पुष्कळ खणली. खजाना विहीर खणली, बहात्तरला तलाव खणले, अजून विहिरी आणि शेततळी खणतो आहोत. खणून आजवर या मातीनं सगळ्यात मोठा खजिना दिला तो पाण्याचा, आणि त्याला यंत्र लागलं नाही, मंत्र लागला नाही. लागलं ते चांगलं खोरं आणि एकमेकांना लावलेला हात.

तेव्हा यंदाच्या बाजाराला जाल तेव्हा खोरं बोटावर टांगून वाजवून बघा. आणि शेतात खणताना दुसराच काही आवाज आला, तर हात थांबवा. गावातल्या श्रोते मंडळींत हे पत्रक वाचून दाखवा, आणि वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यालाही सांगा.

रामराम.